रफार

आण्णांच्या टाइपरायटरचा रफार मोडला होता. बाकी मशीन ठणठणीत. गोदरेजचं, राखाडी, उचलायला दोन माणसं लागावीत इतकं जड. पण रफाराची कळ दाबली की दांडा अर्ध्यावर येऊन थांबायचा, कागदाला शिवायचाच नाही. दुरुस्तीला टाकलं तर आठवडाभर मशीन जाणार, तेवढे दिवस घरात काय शिजवायचं, म्हणून त्यांनी ते तसंच चालवलं. सगळा मजकूर टाइप झाला की कागद बाहेर काढायचे, कार्बन मध्ये तसाच ठेवायचा, मांडीवर पाटी घ्यायची आणि खिशातल्या निळ्या पेनाने एकेका शब्दावर रफार ठेवत जायचं. त्यांच्या धंद्यात रफाराशिवाय पान हलत नसे. अर्ज, कर्ज, मर्जी, निर्णय, दुर्लक्ष, फिर्याद. शाळेतून येताना मी त्यांच्या टेबलापाशी थांबायची, तेव्हा हे बघत बसायची. काळ्या ओळींवर निळे आकडे असे डोलत उमटायचे, जसं काही पिकावर कुणी पाखरं बसवतंय.

आण्णा धुळ्याला कोर्टाच्या आवारात अर्जनवीस होते. कडुनिंबाखाली टेबल, टेबलाला साखळीने बांधलेली खुर्ची, समोर गिऱ्हाइकासाठी बाकडं. आमचं घर जुन्या गल्ल्यांत. 1819 साली कॅप्टन ब्रिग्जने धुळ्याला खानदेशाचं मुख्य ठाणं केलं आणि सरळ रेघा मारून नवी पेठ आखली. धुळेकर आजही गल्लीला नावाआधी नंबर सांगतो. साक्री, शिरपूरकडून माणसं सकाळच्या एस.टी.ने उतरायची आणि आण्णांपुढे बसून आपलं गाऱ्हाणं सांगायची. बांध कोरला, सातबाऱ्यावर नाव चढलं नाही, पोराला नोकरीवरून काढलं. आण्णा अर्धा अर्धा तास ऐकायचे. कागदाला हात लावायचे नाहीत. मग शेवटी विचारायचे, "पन तुले नेमकं काय जोयजे?"

बहुतेक जण इथे गप्प व्हायचे. त्यांना काय झालं ते सगळं सांगता यायचं, काय हवं ते सांगताना मात्र जीभ अडायची. कुणी म्हणायचं, त्याला अद्दल घडवा. आण्णा म्हणायचे, ते अर्जात बसत नाही.

हे सगळं आठवायचं कारण 28 जून 2025. चौथा शनिवार, त्यामुळे आम्हा बँकवाल्यांना सुट्टी. आर्द्रा लागून आठवडा झाला होता. जळगावात ढग नुसते येऊन जात होते आणि लेक मोबाईल हातात धरून सोफ्यावर उकिडवी बसली होती. अकरावीची पहिली यादी लागणार होती. लागली. तिला कॉलेज मिळालं, पण पसंतीक्रम तीनचं. पहिल्या क्रमांकावर टाकलेल्या कॉलेजचा कटऑफ तिच्या गटात 92 टक्क्यांवर थांबला होता. तिचे 91.60. पाचशेपैकी चारशे अठ्ठावन्न. दोन गुण.

त्या वर्षापासून अख्ख्या महाराष्ट्राची अकरावी ऑनलाइन झाली. आधी हे मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती अशा शहरांचं प्रकरण होतं. आम्ही खानदेशातले पेपरात वाचायचो आणि पोरांना घेऊन सरळ कॉलेजात जायचो. गुणपत्रिकेची झेरॉक्स, खिडकीवर मिळणारा फॉर्म, मग एके दिवशी फळ्यावर यादी, यादीवरून खाली खाली सरकणारी शेकडो बोटं. नाव नसेल तर आत टेबलाशी जायचं. तिथे कुणीतरी चष्मा कपाळावर सरकवून बसलेलं असायचं. "साहेब, बघा ना काही होतं का." साहेब बघायचे किंवा बघत नसायचे. पण चेहरा असायचा. त्याला शिव्या देत घरी येता यायचं.

आता शंभर रुपये भरून नोंदणी, दोन भागांत अर्ज, दहापर्यंत पसंतीक्रम. मे महिन्यात संकेतस्थळ सुरू झालं त्याच दिवशी कोलमडलं, तेव्हा सगळ्या राज्याने एकदम हळहळ केली; तेवढाच काय तो सामुदायिक क्षण. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर ते घ्यावंच लागतं, नाही घेतलं तर पुढच्या नियमित फेऱ्यांची दारं बंद. तिसरं मिळालं तर मात्र मर्जी आपली. घ्या, नाहीतर पुढच्या फेरीची वाट पाहा. मला वाटतं, यात बंद दारापेक्षा ही मर्जीच जास्त छळते.

संध्याकाळपर्यंत घराचं कोर्ट झालं. दीर आले. "वहिनी, कोट्यातून बघू. माझी ओळख आहे." नणंदेचा पुण्याहून फोन: दुसऱ्या फेरीला कटऑफ खाली येतो, थांबा. ह्यांचं म्हणणं असं, की तिसरं काही वाईट नाही, घरापासून जवळ आहे, विषय संपला. शेजारच्या काकू, ज्यांचा यात काडीचा संबंध नव्हता, म्हणाल्या, तक्रार करा. तक्रार केल्याशिवाय हल्ली काहीच होत नाही. आणि खरंच, संकेतस्थळावर तक्रार नोंदवायची सोय होती. रात्री सगळे झोपल्यावर मी लॅपटॉप उघडला. अर्जनवीसाची मुलगी. एका कोऱ्या चौकोनात काठी लुकलुकत होती.

तासभर मी तिथे बसले. काय लिहिणार? गुण चुकीचे चढले नव्हते. वर्गवारी बरोबर होती. तिच्याहून कमी गुणांच्या कुणाला घेतलं नव्हतं. यंत्राने आपलं काम चोख केलं होतं. मी लिहायची, खोडायची. "माझी मुलगी" या दोन शब्दांनी सुरुवात करायची आणि पुढे सरकता येईना.

या दोन गुणांना आणखी एक पदर होता आणि तोच मला झोपू देत नव्हता. 13 मेला दहावीचा निकाल लागला तेव्हा संस्कृतात 98 आणि मराठीत 81. मला ते 81 झोंबले. गुणपडताळणी, छायाप्रत, पुनर्मूल्यांकन अशी तिहेरी पायरी असते. विषयाला पन्नास रुपये भरले की नुसती बेरीज तपासतात. चारशे भरले की उत्तरपत्रिकेची छायाप्रत देतात. ती हातात आल्यावर पाच कामाच्या दिवसांत तीनशे भरून पेपर पुन्हा तपासायला सांगता येतो. अर्ज करायची मुदत निकालानंतर पंधरवड्याची. म्हणजे कटऑफ कुठे थांबणार हे कळण्याच्या महिनाभर आधी आपल्याला ठरवायचं असतं, की आपल्यावर अन्याय झालाय का.

मी छायाप्रत मागवली. आली. तिचं अक्षर मी इतक्या जवळून बरेच दिवसांत पाहिलं नव्हतं. पहिल्या दोन पानांवर टपोरं, सरळ. पुढे घाई लागल्यासारखं उजवीकडे कललेलं. शेवटी निबंधात शब्द एकमेकांच्या अंगावर पडलेले. तपासणाऱ्याच्या खुणा कुठे ठसठशीत, कुठे नुसती ओझरती रेघ. त्यानेही उकाड्यात बसून गठ्ठेच्या गठ्ठे तपासले असतील. मी पेन्सिल घेऊन तिसऱ्यांदा तपासायला बसले. एका कवितेच्या प्रश्नाला तिला पूर्ण गुण होते. मी असते तर एक कापला असता. आणि पत्रलेखनाला सहापैकी चार.

पत्र विनंतीचं होतं. दहावीच्या पेपरातली पत्रं सगळी मागणीची नाहीतर विनंतीचीच. तिथे कायम कुणीतरी कुणाकडे काहीतरी सवलतीच्या दरात मागत असतं. तिने साचा नीट पाळला होता. दिनांक, प्रति, विषय, महोदय, सगळं नव्या पद्धतीप्रमाणे डाव्या कडेला. माझा आजोबा अर्जनवीस, असं वर्गात सांगणारी पोर, आणि विनंतीपत्रात दोन गुण गेले. हसू येण्यासारखंच होतं, मला आलं नाही. पुन्हा वाचलं. तिने विनंती करताना चारदा आभार मानले होते आणि नक्की किती नग हवेत हे लिहायचं विसरली होती.

"पुन्हा तपासायला टाकू?" मी विचारलं. "त्या कवितेचं काय करायचं मग?" ती म्हणाली. "तिथे पण कुणी नव्याने बघेल ना." मग थोड्या वेळाने, "जाऊ दे गं आई. दोन मार्कांनी काय होतंय." आम्ही जाऊ दिलं. पाच दिवस सरले.

दोन मार्कांनी काय होतं ते 28 जूनला कळलं.

आपल्याकडे 'दाद' हा मोठा गमतीचा शब्द आहे. फारसीतून आला, मूळ अर्थ न्याय. वरच्या कोर्टात दाद मागतात. पण आपण दाद गाण्यालाही देतो. मैफलीत समेवर मान डोलते, तीही दादच. शिवाय एखादा कुणाला दाद देत नाही, म्हणजे बधत नाही. त्या रात्री चौकोनापुढे बसून मला पहिल्यांदा जाणवलं, की मला मागायची होती ती पहिली दाद नव्हतीच. कुणीतरी समेवर मान डोलवावी एवढंच हवं होतं. एखाद्या अधिकाऱ्याने लिहून द्यावं, की होय, तुमची मुलगी त्या कॉलेजच्या लायकीची आहे. मग जागा नाही दिली तरी चालेल. त्यासाठी त्या संकेतस्थळावर रकाना नव्हता.

खरी दाद कशी मागतात, ते दुसऱ्याच एका मुलाकडून शिकावं. जून 1856 मध्ये धारवाडच्या एका महार मुलाने सरकारी शाळेने प्रवेश नाकारला म्हणून थेट मुंबई सरकारकडे अर्ज केला. सरकारचं उत्तर वाचलं की आजही अंगाची लाही होते. न्याय अर्जदाराच्या बाजूने आहे, हे सरकारला मान्य. पण एकट्या एका मुलासाठी, त्याआधी कुणी महार शाळेच्या दाराशी आलेलाही नसताना, बाकीच्या लोकांना शाळा निरुपयोगी करून टाकता येत नाही, असा एकूण सूर. प्रकरण वर चढत गेलं. कलकत्त्याच्या सरकारने कळवलं, की बंगालमध्ये त्या मुलाला प्रवेश नाकारला गेला नसता, आणि 1858 मध्ये कंपनीच्या लंडनच्या संचालकांनी सांगितलं, की सरकारी शाळा सर्व वर्गांना खुल्या आहेत. बाबासाहेबांनी 1928 साली सायमन कमिशनला दिलेल्या निवेदनात हा इतिहास मांडला. शाळेत असलेलं पोर दोन वर्षांत केवढं वाढतं! लंडनहून उत्तर निघालं तोवर त्याच्या बाकाची उंचीही बदलली असणार. कुणी त्याला अर्ज लिहून दिला असेल, तर त्या माणसाला "तुला नेमकं काय हवं?" हे विचारावं लागलं नसेल. दार उघडा. बस.

आमचं दार उघडंच होतं. त्यातून दिसणाऱ्या अंगणावरून वाद होता.

तरीही. "तरीही" म्हणणारं माझ्यातलं माणूस 1993 सालचं आहे. त्या जुलैत धुळ्याच्या एका कॉलेजच्या फळ्यावर सायन्सच्या यादीत माझं नाव नव्हतं आणि माझ्याहून कमी गुणांची दोन नावं होती. मी घरी येऊन रडले नाही. आण्णांच्या पुढ्यात जाऊन बसले, गिऱ्हाइकाच्या बाकड्यावर. त्यांनी ऐकलं. नेमकं काय हवं हे मात्र विचारलं नाही. "बघू," म्हणाले. रात्री मशीनचा आवाज आला तेव्हा मी खुशाल झोपले. पण दुसऱ्या दिवशी काही झालं नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. आठवड्याने मी कॉमर्सला नाव घातलं. पुढे बँकेच्या परीक्षेत त्याचा फायदाच झाला, हे कुणी सांगितलं की मला अजून राग येतो. गावाच्या फिर्यादी लिहिणारा माणूस स्वतःच्या लेकीसाठी भ्यायला, असं मी धरून चालले. आण्णांना कधी विचारलं नाही. ते गेले त्याला आता नऊ वर्षं झाली.

रविवारी मी धुळ्याला गेले. निमित्त साधं होतं. आण्णांच्या ट्रंकेला वाळवी लागतेय, पाऊस धरायच्या आत बघून जा, असं माय महिनाभर सांगत होती. एरंडोल, पारोळा करत एस.टी. पोचेपर्यंत बारा वाजले. दोन्ही बाजूंना कपाशीची दोन पानांची रोपं, मध्ये मध्ये अजून कोरड्या सऱ्या. मायने कळण्याची भाकरी आणि शेवभाजी वाढली आणि विचारलं, "पोर काय म्हनस?"

मी सांगायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं, की मला माहीत नाही. दीर काय म्हणतात, नणंद काय म्हणते, शेजारच्या काकू काय म्हणतात, हे सगळं मी सांगू शकले असते.

ट्रंकेत स्थळप्रती होत्या. गिऱ्हाइकाने नेलेल्या प्रत्येक अर्जाची कार्बनची प्रत आण्णा ठेवत. वर्षवार गठ्ठे, सुतळीने बांधलेले. खालचे गठ्ठे वाळवीने जाळीदार केले होते. 1993 चा मधला. त्यात एक अर्ज असा होता, की मूळ प्रत आणि कार्बनची प्रत दोन्ही टाचणीने एकत्र. वर कोर्ट फीचं तिकीट चिकटवलेलं, त्यावर कुठलाही शिक्का नाही. मेहेरबान शिक्षणाधिकारी साहेब यांचे सेवेशी. आणि पुढच्या मजकुरावर एकही निळी खूण नव्हती.

"कारणे विनंती अज करितो की, अजदाराची मुलगी सव विषयांत हुशार असून..."

यादीतल्या गोंधळाविषयी एक ओळ होती, कोरडी, कायदेशीर. बाकी सगळं माझ्याविषयी. मी रात्री दिवे गेल्यावर कंदिलाशी वाचते. धाकट्या भावाची गणितं मी घेते. आठवीत निबंधाला मला बक्षीस मिळालं, आणि त्या निबंधाचा विषयही त्यांनी लिहिला होता. मी स्वतः तो विसरले होते. "हुशार" हा शब्द तीन ठिकाणी. तोंडाने त्यांनी तो मला उद्देशून एकदाही उच्चारला नव्हता. खानदेशातले बाप लेकीला असं काही म्हणत नाहीत, निदान तेव्हाचे. मग नवा परिच्छेद, मागणीचा. तिथे टाइप केलं होतं "सबब," आणि स्वल्पविरामानंतर कागद कोरा.

मायला दाखवला. तिला वाचता येत नाही. पण कागद तिने लगेच ओळखला, तिकिटावरून असेल. "रातभर बठेल व्हतात," एवढंच म्हणाली आणि ताटं उचलायला लागली.

परतीच्या एस.टी.त पारोळ्यानंतर पाऊस लागला. खिडकीची काच वर जाईना, मी पर्स आणि कागद पदराखाली घेतले.

सोमवारी सकाळी लेकीला विचारलं, आता ऐकलंच पाहिजे म्हणून. "तुला कुठलं हवंय?" तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तिला बसच्या तिकिटाला सुट्टे आहेत का विचारलंय. "मला तिसरंच पहिलं टाकायचं होतं. सायकलने जाता येतं, आणि तिथली लॅब मी बघितलीय. क्रम तू लावलास ना." हे खरं होतं. पसंतीक्रम भरायच्या रात्री मीच लॅपटॉपपाशी होते, ती जेवत होती आणि मी विचारलं होतं, "हे वर टाकू ना?" ती "हं" म्हणाली होती. त्या "हं" वर मी महिनाभर उभी होते.

ह्यांनी वर पाहिलं नाही. पेपर वाचत राहिले, पण पान उलटायचे थांबले.

मग धावपळ. शाळेचा मूळ दाखला, गुणपत्रिका, झेरॉक्सचे दोन संच, फोटो. टेबलावर सगळं पसरलेलं, त्यात तो टाचणीचा अर्जही. मी निळं पेन शोधत होते. घरात हल्ली निळं पेन सापडत नाही. जेल पेनं असतात, काळी, नाहीतर जांभळी. ड्रॉवर उघडून बघत होते तेवढ्यात तिने अर्ज उचलला.

"'अजदाराची मुलगी,'" तिने मोठ्याने वाचलं. थांबली. पुन्हा वाचलं. मग खो खो हसत सुटली. "आई, अज म्हणजे बोकड गं! अजः, अजौ, अजाः. अजदार म्हणजे बोकडवाला!"

"रफार राहिलाय त्याच्यावर," मी म्हणाले.

"किती ठिकाणी?"

आम्ही मोजले. अकरा. तिला बारावा सापडला, माझ्याच शाळेच्या नावात. पेन काही मिळालं नाही. तिने अर्ज माझ्या हातात परत दिला, दाखला प्लास्टिकच्या फाइलमध्ये सरकवला, एकदा वाकून चेन लागली का बघितलं आणि दारात चपला शोधता शोधता ओरडली,

"चल गं, बोकडवाल्याची मुलगी. एक वाजता खिडकी बंद होते."